वाळवंटातला वाटसरू, नाशिकचे सांगाती

कलहारीचे वाळवंट आणि झांबेझीचे खोरे युरोपच्या नकाशावर आणणारा डॉ. डेव्हिड लिव्हिंग्स्टन हा एकटा भटकणारा संशोधक म्हणून जगाला ठाऊक आहे. प्रत्यक्षात तो एकटा कधीच नव्हता. पाणी कोठे आहे हे जाणणाऱ्या माणसांनी त्याला पुढे नेले आणि अशाच माणसांनी अखेर त्याला परत आणले. त्यांच्यापैकी काहींचा धागा थेट मुंबई आणि नाशिकपर्यंत पोहोचतो.

‘सफारी’ हा शब्द इंग्रजीतून आपल्याकडे आला असला तरी तो मूळचा स्वाहिली. स्वाहिलीने तो अरबीतून घेतला आणि त्याच अरबी मुळातून फारसीच्या वाटेने आपला ‘सफर’ हा शब्द मराठीत रुळला. अर्थ दोन्हीकडे एकच, प्रवास. आज हा शब्द उच्चारला की डोळ्यांपुढे उभी राहते ती उघडी जीप, दुर्बीण आणि हत्तींचे कळप. बोत्स्वानातील माउन या गावी छोट्या विमानाने उतरायचे, ओकावांगोच्या पाणथळीत मोकोरो नावाच्या अरुंद होडीतून फिरायचे, मकाडिकाडीची मिठाने पांढरी पडलेली मैदाने पाहायची, चोबे नदीवर हत्ती मोजायचे आणि शेवटी व्हिक्टोरिया धबधब्याचे तुषार अंगावर घ्यायचे. आठ-दहा दिवसांत हे सारे आटोपते.

याच मुलखातून फिरायला लिव्हिंग्स्टनला १८४९ ते १८५५ अशी सहा वर्षे लागली. त्या सहा वर्षांनी त्याला कीर्ती मिळवून दिली आणि त्याच्या संसाराची वाताहतही केली. त्याचे चरित्र बहुधा धर्मप्रसारकाचे किंवा साम्राज्याच्या अग्रदूताचे म्हणून लिहिले जाते. परंतु नकाशावर त्याच्या वाटा आखून पाहिल्या तर ध्यानात येते की, हा माणूस आयुष्यभर पाण्यामागे चालत राहिला. आधी ते मिळेना म्हणून आणि पुढे ते कोठून येते व कोठे जाते हे कळावे म्हणून.

सूतगिरणीतला मुलगा

लिव्हिंग्स्टनचा जन्म १९ मार्च १८१३ रोजी स्कॉटलंडमधील ब्लँटायर येथे झाला. क्लाइड नदीच्या काठी एक सूतगिरणी आणि तिच्या कामगारांच्या चाळी, असे त्या वस्तीचे रूप. एका खोलीत आईवडील आणि मुले असा संसार. वडील नील दारोदार चहा विकत. दहाव्या वर्षी डेव्हिड गिरणीत तुटलेले धागे जोडण्याच्या कामाला लागला. सकाळी सहा ते रात्री आठ ही कामाची वेळ. पहिल्या आठवड्याच्या पगारातून त्याने लॅटिन व्याकरणाचे पुस्तक घेतले. यंत्रावर पुस्तक टेकवून ठेवायचे आणि येता-जाता एकेक वाक्य वाचायचे, ही त्याची शाळा. भोवतीच्या खडखडाटात मन एकाग्र करण्याची जी सवय तेव्हा जडली, ती पुढे आफ्रिकेतल्या मुक्कामांवर त्याच्या कामी आली.

१८३६ मध्ये तो ग्लासगोला वैद्यकाचे शिक्षण घेऊ लागला. १८३८ मध्ये लंडन मिशनरी सोसायटीने त्याला स्वीकारले. त्याला जायचे होते चीनला. पण अफूचे युद्ध पेटले आणि ती वाट बंद झाली. त्याच सुमारास दक्षिण आफ्रिकेतून आलेला ज्येष्ठ मिशनरी रॉबर्ट मोफॅट त्याला भेटला आणि त्याच्या आयुष्याची दिशा बदलली. डिसेंबर १८४० मध्ये तो जहाजावर चढला आणि ३१ जुलै १८४१ रोजी कलहारीच्या दक्षिण कडेवरील कुरुमान या मोफॅटच्या ठाण्यावर पोहोचला.

कुरुमानला बारमाही झरा होता. त्याच्या उत्तरेला मात्र पाण्याचा भरवसा नव्हता आणि लिव्हिंग्स्टनचे पाय उत्तरेकडेच ओढ घेत. १८४४ मध्ये माबोत्सा येथे गुरे मारणाऱ्या सिंहावर त्याने गोळी झाडली. जखमी सिंहाने झेप घालून त्याचा डावा दंड जबड्यात धरला. मेबाल्वे नावाच्या आफ्रिकी सहकाऱ्याने बंदूक उचलून सिंहाचे लक्ष स्वतःकडे वळवले, म्हणून लिव्हिंग्स्टन वाचला. दंडाचे हाड तुटले ते कधीच नीट जुळले नाही. पुढे हा हात खांद्यावर उचलता येत नसे. त्याचे प्राण दुसऱ्याने स्वतःचा जीव धोक्यात घालून राखण्याची ही पहिली वेळ. शेवटची नव्हे.

कोलोबेंगचा दुष्काळ

१८४५ मध्ये त्याने मोफॅटची थोरली मुलगी मेरी हिच्याशी विवाह केला. ती आफ्रिकेतच जन्मलेली. सेत्स्वाना भाषा तिला मातृभाषेसारखी येई. १८४७ मध्ये हे कुटुंब कोलोबेंग येथे, बाक्वेना जमातीचा राजा सेचेले याच्या आश्रयाला आले. सेचेले बुद्धिमान होता. वाचायला तो झपाट्याने शिकला आणि १८४८ मध्ये त्याने बाप्तिस्मा घेतला. लिव्हिंग्स्टनच्या साऱ्या मिशनरी आयुष्यातले हे एकमेव ठळक धर्मांतर. त्यातही काही महिन्यांतच सेचेले आपल्या जुन्या चालीरीतींकडे वळला.

पण खरी अडचण निराळीच होती. सेचेले हा आपल्या जमातीचा पर्जन्यकर्ता होता. मंत्रतंत्र करून पाऊस आणणे हे राजाचे कर्तव्य मानले जाई. त्याने ते सोडले आणि नेमका त्याच काळात पाऊस हटला. एकापाठोपाठ एक वर्षे कोरडी गेली. पाट खणून पाणी शेतात घेण्याची युक्ती लिव्हिंग्स्टनने शिकवली होती, पण नदीच आटल्यावर पाटाचा काय उपयोग? लोक त्याच्याशी सौजन्याने वागत, मात्र पाऊस त्याच्या पायगुणाने गेला अशी त्यांची समजूत झाली. उत्तरेला वाळवंटापलीकडे एक मोठे सरोवर आहे, हे तो वर्षानुवर्षे ऐकत होता. त्या सरोवराच्या पलीकडे सेबितुआने नावाचा पराक्रमी राजा राहतो, हेही त्याला सेचेलेने सांगितले होते. आता जाण्यावाचून गत्यंतर उरले नाही.

तहानेच्या मुलखातून

१ जून १८४९ रोजी काफिला निघाला. सोबत विल्यम कॉटन ऑसवेल आणि मुंगो मरे हे दोघे शिकारी होते. ऑसवेलने मद्रास इलाख्यात कंपनी सरकारच्या नोकरीत काही वर्षे काढली होती. मोहिमेचा मोठा खर्च त्यानेच उचलला. सुमारे ८० बैल, २० घोडे, गाड्या आणि माणसे असा सरंजाम होता.

कलहारी म्हणजे सहारासारखा ओसाड वाळूचा समुद्र नव्हे. तेथे गवत उगवते, काटेरी झुडपे वाढतात, हरणांचे कळप चरतात. नसते ते पृष्ठभागावरचे पाणी. मग तेथील माणसे जगत कशी? लिव्हिंग्स्टनने हे बारकाईने पाहिले आणि लिहून ठेवले. बाकलहारी स्त्रिया शहामृगाच्या अंड्यांची वीस-तीस कवचे जाळीत घालून पाणवठ्यावर येत. पाणवठा म्हणजे ओलसर वाळूतला हातभर खोल खड्डा. बोरूच्या नळीच्या टोकाला गवताची चुंबळ बांधून ती खड्ड्यात रोवायची, भोवती वाळू दाबायची आणि तोंडाने पाणी ओढून ते थेंबाथेंबाने कवचात सोडायचे. भरलेली कवचे घरी नेऊन जमिनीत पुरायची, म्हणजे शत्रू आला तरी त्याला ती सापडू नयेत. काडीएवढ्या देठाच्या एका वेलीखाली हातभर खणले की लहान मुलाच्या डोक्याएवढा रसाळ कंद निघे. पाऊस बरा झाला तर रानटी कलिंगडांनी माळ भरून जाई आणि माणसांपासून हत्तींपर्यंत, इतकेच काय सिंहसुद्धा, त्यांवर तहान भागवत.

हे ज्ञान कुठल्याही नकाशात नव्हते. काफिल्याचा वाटाड्या रामोतोबी याचे बालपण या भागात गेलेले, पण एका टप्प्यावर तोही चुकला. जनावरे तहानेने व्याकूळ झाली. तेवढ्यात झुडपांतून काहीतरी सरपटत पळताना दिसले. सिंह समजून ऑसवेलने घोडा फेकला. पाहतो तो सान जमातीची एक स्त्री! आपण पकडले गेलो असे समजून तिने जवळच्या चारदोन चिजा पुढे केल्या. आम्हाला फक्त पाणी हवे आहे, हे कळल्यावर मात्र ती घोड्यांच्या पुढे झपाझप आठ मैल चालत गेली आणि न्चोकोत्साचे पाणी तिने त्यांना दाखवले. मांस आणि मणी बक्षीस मिळताच ती खळखळून हसली. न्गामी सरोवराच्या ‘शोधा’तला हा निर्णायक क्षण, पण लिव्हिंग्स्टनच्या वृत्तांतात तिचे नाव नाही.

न्चोकोत्साजवळच मिठाचे एक अफाट मैदान पसरले होते. मावळत्या सूर्यात ते निळ्या लाटांचे सरोवर भासले. ऑसवेलने आनंदाने टोपी हवेत उडवली. ते मृगजळ होते. खरे सरोवर अजून ३०० मैलांवर होते.

बोटेटीचे थंड पाणी

जुलैच्या आरंभी काफिला एका सुंदर नदीच्या काठी आला. ही बोटेटी, त्या काळच्या लिखाणातली झूगा. तिच्या काठाने वर सरकताना लिव्हिंग्स्टनला थामलाकाने ही दुसरी नदी उत्तरेकडून येऊन मिळताना दिसली. ती कोठून येते असे त्याने विचारले. नद्यांनी भरलेल्या देशातून येते, तेथील नद्या कोणी मोजू शकत नाही, असे उत्तर मिळाले. १ ऑगस्टला न्गामी सरोवर दृष्टीस पडले. इतक्या दूर येऊन पाहिलेले हे सरोवर उथळ निघाले. पण लिव्हिंग्स्टनच्या मनात घर केले ते त्या उत्तराने. आफ्रिकेचा अंतर्भाग वाळवंट नसून जलसमृद्ध आहे आणि नद्यांच्या मार्गाने तेथवर जाता येईल, या कल्पनेने त्याला झपाटले. पुढच्या २४ वर्षांची भटकंती या एका कल्पनेतून निघाली.

आणखी एक कोडे त्याला पडले होते. पाऊस नसताना, ऐन कोरड्या हिवाळ्यात नदीचे पाणी वाढत होते आणि वर जावे तसे ते अधिक निर्मळ व थंड लागत होते. कुठे बर्फ वितळत असावे, असेही त्याला वाटून गेले. आज या कोड्याचे उत्तर ठाऊक आहे. अंगोलाच्या पठारावर उन्हाळ्यात पडलेला पाऊस शेकडो मैलांच्या सपाटीवरून, लव्हाळ्यांतून आणि वाळूतून हळूहळू झिरपत येतो. ओकावांगोच्या त्रिभुज प्रदेशात तो पसरतो तेव्हा तेथे पावसाळा संपून काही महिने झालेले असतात. समुद्राला न मिळता वाळवंटात विरून जाणारी ही नदी आहे. भोवतालची जमीन करपते तेव्हाच तिच्या पाणथळी भरतात, म्हणून तर हजारो प्राणी तेथे गोळा होतात आणि त्यांच्या मागोमाग पर्यटक! २०१४ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीतील हजारावे स्थळ म्हणून या प्रदेशाची नोंद झाली. न्गामी सरोवर मात्र लहरी ठरले. ते कधी भरते, कधी पार कोरडे पडते.

लंडनच्या रॉयल जिऑग्राफिकल सोसायटीने न्गामीच्या शोधाबद्दल लिव्हिंग्स्टनला २५ गिनींचे पारितोषिक दिले. त्याच बातमीने हस्तिदंताचे व्यापारीही जागे झाले. न्गामीच्या काठी हस्तिदंत हाडांसारखा पडून राहत असे. एका सुमार बंदुकीच्या मोबदल्यात मोठमोठे सुळे मिळू लागले आणि थोड्याच वर्षांत बोटेटीच्या काठच्या शेकडो हत्तींची कत्तल झाली. वाट दाखवणाऱ्याच्या मागून कोण येईल, हे त्याच्या हाती नसते. लिव्हिंग्स्टनच्या बाबतीत हे पुनःपुन्हा घडले.

मेरीने मोजलेली किंमत

सेबितुआनेला भेटायचेच, या निश्चयाने १८५० मध्ये लिव्हिंग्स्टन पुन्हा निघाला. या वेळी बायको आणि मुले बरोबर होती. मुलांना तापाने गाठले आणि न्गामीपासून परतावे लागले. कोलोबेंगला आल्यावर मेरीला मुलगी झाली, ती सहा आठवड्यांत दगावली. तरीही १८५१ मध्ये तो तिसऱ्यांदा सहकुटुंब निघाला. मेरी पुन्हा गरोदर होती. तिच्या आईने संतापून जावयाला कडक पत्र धाडले, पण त्याचा उपयोग झाला नाही.

न्गामीच्या पूर्वेकडून जाणाऱ्या या नव्या वाटेवर शोबो हा सान वाटाड्या रस्ता चुकला आणि मग त्यांना सोडून दिसेनासा झाला. गाडीतले बरेचसे पाणी एका नोकराच्या हलगर्जीपणाने वाया गेले होते. गेंड्याच्या पाऊलखुणा दिसल्या तेव्हा बैल मोकळे सोडले आणि त्यांच्यामागून माणसे पाण्याच्या शोधात धावली. गाडीत तीन लहान मुले पाणी पाणी करत होती. थोरला रॉबर्ट जेमतेम पाच वर्षांचा. मेरीने त्या दिवसांत नवऱ्याला दोषाचा एक शब्दही लावला नाही, पण तिच्या डोळ्यांतले पाणी त्याने पाहिले आणि लिहून ठेवले. पाचव्या दिवशी दुपारी माणसे पाणी घेऊन परतली.

चोबेच्या काठी त्सेत्से माशीने ४३ बैल मारले. पण सेबितुआने भेटला. कोलोलो लोकांचा हा राजा शेकडो मैलांची भटकंती आणि लढाया करत, दक्षिणेकडून आपली माणसे घेऊन या दलदलीत आला होता. चोबे आणि लिन्यांतीच्या लव्हाळ्यांनी त्याचे शत्रूपासून रक्षण केले. तेथील हिवतापाला मात्र त्याची माणसे बळी पडत होती. पाहुण्यांचे त्याने मनापासून स्वागत केले आणि थोड्याच दिवसांत, जुलै १८५१ मध्ये, तो फुप्फुसाच्या विकाराने वारला. त्यानंतर सेशेके येथे लिव्हिंग्स्टन आणि ऑसवेल यांनी विशाल झांबेझी नदी पाहिली. परतीच्या वाटेवर बोटेटीच्या काठी मेरी बाळंत झाली. मुलाचे नाव ठेवले विल्यम ऑसवेल.

एप्रिल १८५२ मध्ये लिव्हिंग्स्टनने केपटाउनहून बायको आणि चार मुलांना इंग्लंडला पाठवले. मेरीला तो देश परका होता. पुढची साडेचार वर्षे तिने तेथे नातेवाइकांकडे, भाड्याच्या खोल्यांत, पैशांच्या विवंचनेत काढली. त्याच वर्षी ट्रान्सव्हालच्या बोअरांनी सेचेलेच्या लोकांवर हल्ला केला आणि कोलोबेंगचे घरही लुटले. लिव्हिंग्स्टनचे स्वतःचे घर असे पुन्हा कधी झालेच नाही.

दलदलीतून धबधब्याकडे

१८५३ मध्ये तो पुन्हा चोबेकाठी आला तेव्हा पुराने सारा मुलूख पाण्याखाली होता. एका सोबत्याला घेऊन तो लव्हाळ्यांच्या भिंतींतून वाट काढत राहिला. धारदार पात्यांनी हात आणि गुडघे रक्तबंबाळ झाले. अखेर पाणी ओलांडून तो कोलोलोंच्या वस्तीत शिरला, तेव्हा हा माणूस आकाशातून पडला की पाणघोड्यावर बसून आला, असा त्या लोकांना प्रश्न पडला. ती दलदल हेच आपले तट, अशी त्यांची खात्री होती.

सेबितुआनेचा तरुण मुलगा सेकेलेतू आता राजा होता. त्याने नोव्हेंबर १८५३ मध्ये २७ माणसे, होड्या आणि हस्तिदंत देऊन लिव्हिंग्स्टनला पश्चिम किनाऱ्याकडे रवाना केले. ३१ मे १८५४ रोजी ते लुआंडाला पोहोचले. लिव्हिंग्स्टन तापाने खंगला होता. मायदेशी जाणाऱ्या जहाजावर जागा देऊ केली असता त्याने ती नाकारली. आपल्या भरवशावर आलेली २७ माणसे घरी कशी परतणार, हा त्याचा प्रश्न होता. तो त्यांना घेऊन परत लिन्यांतीला आला आणि सारेच्या सारे जिवंत परतले. त्याच्या आयुष्यातल्या साऱ्या शोधांहून ही गोष्ट मोठी म्हणावी लागेल.

नोव्हेंबर १८५५ मध्ये सेकेलेतूने ११४ माणसे देऊन त्याला पूर्वेकडे धाडले. वाटेत लिव्हिंग्स्टनला मोसी-ओआ-तुन्या, म्हणजे गर्जणारा धूर, दाखवण्यात आला. सुमारे १७०० मीटर रुंद आणि १०८ मीटर खोल कोसळणारा हा धबधबा तेथील लोक पिढ्यान्‌पिढ्या ओळखत होते. लिव्हिंग्स्टनने त्याला आपल्या राणीचे नाव दिले. एरवी तो स्थानिक नावेच वापरण्याचा आग्रह धरी. धबधब्याच्या तोंडावरील बेटावर त्याने जर्दाळूच्या बिया पेरल्या, पण पाणघोड्यांनी त्याची ही बाग टिकू दिली नाही. २० मे १८५६ रोजी तो हिंदी महासागराच्या काठी केलिमानेला पोहोचला. आफ्रिका खंड एका किनाऱ्यापासून दुसऱ्या किनाऱ्यापर्यंत ओलांडल्याची नोंद असलेला तो पहिला युरोपीय ठरला.

इंग्लंडमध्ये त्याचे अपूर्व स्वागत झाले. १८५७ मध्ये प्रसिद्ध झालेले त्याचे प्रवासवर्णन हातोहात खपले. सरकारने त्याला झांबेझी मोहिमेचा प्रमुख नेमले. आणि येथेच त्याचे दैव फिरले. झांबेझी हा व्यापाराचा महामार्ग होईल, असे त्याने देशाला सांगितले होते. परंतु काहोरा बासाच्या खडकाळ धावत्यांनी त्याची आगबोट अडवली. त्या धावत्या त्याने पहिल्या प्रवासात पाहिल्याच नव्हत्या, आडवाटेने तो पुढे निघून गेला होता. त्याच्या वर्णनांवर विसंबून लिन्यांतीला गेलेल्या दोन मिशनरी कुटुंबांतील नऊ युरोपीयांपैकी सहा जण १८६० मध्ये मृत्युमुखी पडले. २७ एप्रिल १८६२ रोजी शुपांगा येथे मेरी तापाने वारली. थोरला रॉबर्ट अमेरिकेत गेला, गुलामगिरीविरुद्धच्या यादवी युद्धात उत्तरेच्या बाजूने लढला आणि १८६४ मध्ये युद्धकैदी असताना मरण पावला. मोहीम सरकारने गुंडाळली.

मुंबई बंदरात

येथून या चरित्रात मुंबई येते. स्वतःच्या पैशाने बांधवून घेतलेली ‘लेडी न्यासा’ ही छोटी आगबोट लिव्हिंग्स्टनला विकायची होती. झांझिबारमध्ये ती गुलामांच्या व्यापाऱ्यांच्या हाती पडेल, या भीतीने त्याने एक अचाट निर्णय घेतला. ३० एप्रिल १८६४ रोजी, पुरेसा कोळसाही नसताना, तो स्वतः सुकाणू धरून हिंदी महासागर ओलांडायला निघाला. बरोबर तीन युरोपीय, काही झांबेझीकाठची माणसे आणि दोन मुले. ४५ दिवसांनी, पावसाळा तोंडावर असताना, १३ जूनला ती इवलीशी बोट मुंबई बंदरात शिरली. ती इतकी लहान होती की कोणाचे लक्षही गेले नाही.

बोटीतल्या दोन मुलांपैकी एक चुमा. १८६१ मध्ये लिव्हिंग्स्टनने गुलामांच्या तांड्यातून त्याला सोडवले होते. चुमाला त्याने मुंबईत डॉ. जॉन विल्सन यांच्या मिशन शाळेत ठेवले. गिरगाव चौपाटीवरील विल्सन महाविद्यालय ज्यांच्या नावाने ओळखले जाते, तेच हे विल्सन. शुपांग्याचा सुसी हा मुंबईच्या गोदीत कामाला लागला. १८६५ मध्ये नव्या मोहिमेच्या तयारीसाठी लिव्हिंग्स्टन पुन्हा मुंबईत आला तेव्हा त्याने बोट विकली. सुमारे ६००० पौंडांची बोट २३०० पौंडांना गेली. ते पैसे त्याने येथील बँकेत ठेवले आणि कापसाच्या सट्टेबाजीनंतर मुंबईत जी पडझड झाली तीत ती बँक बुडाली.

मुंबईने त्याला दिली ती माणसे. अरबी समुद्रात इंग्रजी आरमार गुलामांची गलबते पकडत असे. त्यांतून सुटलेल्या आफ्रिकी मुलांपैकी काहींना नाशिकजवळच्या शरणपूर येथील मिशन संस्थेत ठेवले जाई. तेथे त्यांना लिहिणे-वाचणे आणि सुतारकी, लोहारकी असे हातचे धंदे शिकवत. आपली गावे आणि आईबाप हरवलेल्या या मुलांसाठी वस्तीचे नावही किती समर्पक! मुंबईचे गव्हर्नर सर बार्टल फ्रिअर यांच्या सहकार्याने शरणपूरचे नऊ तरुण या मोहिमेत सामील झाले. आफ्रिकेत ते ‘नासिक बॉइज’ म्हणून ओळखले गेले. जानेवारी १८६६ मध्ये त्यांना, चुमा आणि सुसीला आणि मुंबईच्या काही शिपायांना घेऊन लिव्हिंग्स्टन झांझिबारला निघाला.

शेवटची पाणथळ

नाईलचा उगम शोधणे हे या मोहिमेचे उद्दिष्ट होते. त्यात तो चुकला. ज्या लुआलाबा नदीचा त्याने वर्षानुवर्षे माग काढला ती नाईलची नव्हे, काँगोची निघाली. शिपाई परतले, काही सोबती पळाले, काही मेले, औषधांची पेटी चोरीला गेली. जुलै १८७१ मध्ये न्यांग्वेच्या बाजारात गुलामांच्या व्यापाऱ्यांनी शेकडो माणसांवर, त्यातही मुख्यतः बायकांवर, गोळ्या झाडल्या. ते त्याने डोळ्यांनी पाहिले. त्याने लिहिलेल्या या हकिकतीने इंग्लंड हादरले. त्याच वर्षाच्या अखेरीस उजिजी येथे अमेरिकी वृत्तपत्राचा प्रतिनिधी स्टॅन्ले त्याला भेटला. ती भेट आणि ते औपचारिक अभिवादन जगप्रसिद्ध आहे. मार्च १८७२ मध्ये निरोप घेतल्यावर स्टॅन्लेने किनाऱ्यावरून त्याच्यासाठी ५७ माणसे पाठवली. त्यांत शरणपूरचे आणखी काही जण होते. जेकब वेनराइट हा त्यांपैकी एक.

ऑगस्ट १८७२ मध्ये लिव्हिंग्स्टन अखेरच्या प्रवासाला निघाला. १८७३ च्या पावसाळ्यात तो आजच्या झांबियातील बांगवेउलु सरोवराच्या दलदलीत अडकला. पूर्वी यंत्रातील बिघाडामुळे चुकीची घेतलेली मोजमापे आता त्याला भलत्याच काठाला घेऊन गेली. जमीन कोठे संपते आणि सरोवर कोठे सुरू होते हे कळेना. सोबती छातीइतक्या पाण्यातून आळीपाळीने त्याला खांद्यावर घेऊन चालत. अतिसाराने आणि रक्तस्रावाने तो खचत गेला. शेवटी त्याला डोलीत घालून चितांबो या मुखियाच्या गावी आणले. १ मे १८७३ च्या पहाटे तो खाटेशेजारी गुडघे टेकलेल्या स्थितीत मृतावस्थेत आढळला. कलहारीत पाण्यासाठी वणवण करून सुरू झालेला प्रवास असा पाण्याच्या वेढ्यात संपला.

आता त्याच्या माणसांपुढे दोन मार्ग होते. प्रेत तेथेच पुरून निघून जाणे सोपे होते. त्यांना कोणी जाब विचारला नसता. पण चुमा, सुसी आणि इतरांनी विचारविनिमय करून ठरवले की, डॉक्टरांना समुद्रापर्यंत न्यायचे. त्यांनी हृदय आणि आतडी काढून एका झाडाखाली पुरली. जेकबने प्रार्थना म्हटली आणि झाडावर अक्षरे कोरली. देह मीठ घालून उन्हात वाळवला आणि झाडाच्या सालीत गुंडाळला. मग रोगराई, वैरी आणि भुकेला तोंड देत नऊ महिने ती माणसे चालत राहिली. वाटेत भेटलेल्या कॅमेरॉन या इंग्रज अधिकाऱ्याने देह तेथेच पुरावा असे सुचवले, पण त्यांनी ते मानले नाही. त्याचे कागद, टिपणे, उपकरणे यांतले काहीही त्यांनी हरवू दिले नाही. फेब्रुवारी १८७४ मध्ये सुमारे दीड हजार किलोमीटर चालून ते बागामोयोच्या किनाऱ्याला लागले. तेथे मजुरी चुकती करून बहुतेकांना घरी पाठवण्यात आले.

लंडनमध्ये देहाची ओळख पटली ती सिंहाने तीस वर्षांपूर्वी मोडलेल्या दंडाच्या हाडावरून. १८ एप्रिल १८७४ रोजी वेस्टमिन्स्टर ॲबीत दफन झाले तेव्हा त्याच्या आफ्रिकी सोबत्यांपैकी फक्त जेकब वेनराइट हजर होता. शवपेटीसोबत चालण्याचा मान नाशिकच्या या विद्यार्थ्याला मिळाला. चुमा आणि सुसी यांना इंग्लंडला नेले गेले ते त्यानंतर. त्यांच्या मदतीने लिव्हिंग्स्टनच्या अखेरच्या रोजनिशा छापण्यात आल्या. जवळपास ६० सोबत्यांसाठी रॉयल जिऑग्राफिकल सोसायटीने पदके पाडली, पण तोवर माणसे पांगली होती. चुमा १८८२ मध्ये, सुसी १८९१ मध्ये आणि जेकब १८९२ मध्ये वारला.

लिव्हिंग्स्टनच्या यशापयशाचा हिशेब सोपा नाही. धर्मप्रसारक म्हणून तो अयशस्वी ठरला. झांबेझीविषयीचा त्याचा अंदाज चुकला, नाईलविषयीचाही. त्याने उघडलेल्या वाटांवरून पुढे वसाहतवाले आले आणि त्यांनी जमिनी बळकावल्या. कुटुंबाला त्याने जे भोगायला लावले त्याचे समर्थन करता येत नाही. तथापि, गुलामांच्या व्यापाराची त्याने दिलेली साक्ष वाया गेली नाही. त्याच्या मृत्यूनंतर पाच आठवड्यांच्या आत, जून १८७३ मध्ये, झांझिबारचा गुलामांचा बाजार बंद झाला. आणि अनेक युरोपीय प्रवाशांच्या नावांवर फुली मारणाऱ्या स्वतंत्र आफ्रिकेने झांबियातील लिव्हिंग्स्टन आणि मलावीतील ब्लँटायर ही दोन शहरांची नावे आजवर राखली आहेत.

वेस्टमिन्स्टरमधील शिळेवर त्याला भूमी आणि सागर ओलांडून आणणाऱ्या विश्वासू हातांचा उल्लेख आहे. ते हात कोणाचे, हे तेथे लिहिलेले नाही. चितांबोच्या गावातील ते झाड पुढे तोडले गेले आणि अक्षरे कोरलेला त्याचा भाग लंडनला नेण्यात आला. शरणपूरला अक्षरे गिरवलेल्या जेकबने त्यावर डॉक्टरांचे नाव आणि तारीख कोरली आणि खाली आणखी तीन नावे कोरली. ती राजांची नव्हती, सेनापतींचीही नव्हती. ती होती डॉक्टरांबरोबर चाललेल्या सोबत्यांची.